रिस्क-फाइव्हसाठी कर्नल कॉन्फिग करताय? लक्ष बोर्डाकडे द्या

लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वेगळ्या प्रोसेसरसाठी, उदाहरणार्थ रिस्क-फाइव्ह (RISC-V) या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटवर बनलेल्या प्रोसेसरसाठी, बिल्ड करायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसरच्याच मागे लागतात. कुठलं आर्किटेक्चर, किती बिट, कुठली एक्स्टेन्शन, कंपायलरला कुठला फ्लॅग, यूट्यूबवर पण तेच चाललेलं असतं. मी बरीच वर्षं एम्बेडेडमध्ये काम करतेय आणि माझं मत आता पक्कं झालंय की मेन्यूकॉन्फिगमधला (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूतला) आर्किटेक्चरचा भाग तसा छोटा असतो, त्यातले बहुतेक डिफॉल्ट जसेच्या तसे ठेवले तरी चालतात, आणि बूट अडकतो तो जवळजवळ नेहमी बोर्डाच्या गोष्टींमुळे. क्लॉक, पिन, व्होल्टेज, एसडी कार्डचा कंट्रोलर. म्हणजे ज्या मेनूत कोणी फिरकतच नाही तिथे.

माझी भाची अंधेरीच्या एका कॉलेजात थर्ड इयरला आहे, तिचा फोन आला, "मावशी, मी रिस्क-फाइव्हसाठी कर्नल बिल्ड केला, एरर एक पण नाही, इमेज पण बनली, पण बोर्डावर काहीच येत नाही गं." मी विचारलं, "अगं बोर्ड कुठला?" तर म्हणते, "बोर्डाचं काय, रिस्क-फाइव्हच आहे ना." तिची चूक नाही हो, कॉलेजात इन्स्ट्रक्शन सेट शिकवतात, पाइपलाइन शिकवतात, पण त्या प्रोसेसरच्या भोवती जे बाकीचं सिलिकॉन बसलंय त्याबद्दल कोणी बोलतच नाही. तिला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न बाकी पोरांकडूनही सारखा येतो.

हे नीट कळायला रिस्क-फाइव्हचा स्वतःचाच इतिहास बघा. हा इन्स्ट्रक्शन सेट २०१० मध्ये बर्कलेला सुरू झाला आणि लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये त्याचा कोड आला ४.१५ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१८ ला. त्या वेळी बातम्या पण आल्या की आता लिनक्स रिस्क-फाइव्हवर चालणार. पण त्या ४.१५ मध्ये फक्त आर्किटेक्चरचा मूळ कोड होता, पेज टेबल, कॉन्टेक्स्ट स्विच, सिस्टिम कॉल असलं सगळं. इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर नव्हता, टायमरचा नव्हता. ते दोन्ही आले ४.१९ ला, ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधले नऊ महिने मुख्य कर्नलमध्ये आर्किटेक्चर होतं, पण तेवढ्यावर मशीन चालवता येत नव्हतं. टायमरशिवाय शेड्यूलर काय करणार आणि इंटरप्टशिवाय डिस्क कशी वाचणार?

पीसीवर ही गोष्ट आपल्याला कधी जाणवत नाही, कारण तिथे ४० वर्षांची शिस्त आहे. बायोस किंवा यूईएफआय आधी उठतो, एसीपीआयच्या टेबलातून मशीनमध्ये काय काय आहे ते सांगतो, पीसीआय बसवर प्रत्येक कार्ड स्वतःचा नंबर सांगतं, आणि कर्नल निवांत एकेक ड्रायव्हर लावत जातो. म्हणून एकच उबंटूचा पेनड्राइव्ह तुमच्या ऑफिसच्या डेलवर पण चालतो आणि काकांच्या जुन्या लेनोवोवर पण चालतो. छोट्या बोर्डांवर असं कोणी काही सांगत नाही. चिपच्या आत यूएआरटी (सिरीयल पोर्ट) कुठल्या पत्त्यावर आहे हे विचारायची सोयच नसते, ते आधीपासून माहीत असावं लागतं. आर्मवर पूर्वी ही माहिती प्रत्येक बोर्डासाठी सी कोडमध्ये लिहायचे, त्याचा इतका पसारा झाला की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स मेलिंग लिस्टवर उघड चिडला आणि त्यानंतर आर्मचं सगळं काम डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डावर कुठलं हार्डवेअर कुठल्या पत्त्यावर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वेगळ्या फाइलकडे, वळलं. ३.७ कर्नलपासून (डिसेंबर २०१२) एकच आर्म कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालवायची सोय झाली आणि ६४ बिट आर्म पण त्याच ३.७ मध्ये आलं. रिस्क-फाइव्ह उशिरा आल्यामुळे त्याने पहिल्या दिवसापासून डिव्हाइस ट्रीच वापरली, हे फार चांगलं झालं.

आता भाचीच्या "रिस्क-फाइव्हच आहे ना" कडे येते. तीन उदाहरणं घ्या. सी-डॅकचा वेगा प्रोसेसर आहे, त्यातली तेजस-३२ चिप लावलेले एरीज नावाचे बोर्ड बऱ्याच कॉलेजांत दिसतात. ३२ बिट, १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी रॅम. शिकायला सुंदर बोर्ड आहे, आपल्याकडे बनलाय याचा मला खरंच आनंद आहे, पण त्यावर लिनक्स नाही चालणार, तो मायक्रोकंट्रोलर आहे, कॉन्फिगमध्ये कितीही काही बंद केलं तरी २५६ केबीत कर्नल मावणार नाही. दुसरा केंड्राइट के२१०, ६४ बिट, दोन कोअर, पण रॅम ८ एमबी आणि ती पण चिपच्या आतच, आणि त्यातला एमएमयू (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) जुन्या स्पेसिफिकेशनचा असल्यामुळे लिनक्सला वापरता येत नाही. तरी त्यावर लिनक्स चालतो, पण बिना एमएमयूचा, थेट मशीन मोडमध्ये (प्रोसेसरच्या सगळ्यात जास्त अधिकाराच्या पातळीवर), आणि त्यासाठी कर्नलमध्ये वेगळी डेफकॉन्फिग (तयार डिफॉल्ट पर्यायांची) फाइलच ठेवलीये. तिसरा व्हिजनफाइव्ह २, जो माझ्याकडे आहे, स्टारफाइव्हची जेएच७११० चिप, सायफाइव्हचे चार यू७४ कोअर, १.५ गिगाहर्ट्झ, पूर्ण एमएमयू. यावर डेबियन मस्त चालतो. तिघांवर रिस्क-फाइव्हच लिहिलंय आणि तिघांच्या कॉन्फिगचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे मेनू उघडायच्या आधी चिपचं नाव, बोर्डाचं नाव आणि बोर्डाचं रिव्हिजन हे तीन कागदावर लिहून घ्या. रिव्हिजन पण, हो. व्हिजनफाइव्ह २ चे १.२ए आणि १.३बी असे दोन प्रकार आहेत, १.२ए वर एक नेटवर्क पोर्ट गिगाबिट आणि दुसरा १०० एमबीपीएसचा, १.३बी वर दोन्ही गिगाबिट, आणि कर्नलमध्ये दोघांच्या डिव्हाइस ट्री फाइल वेगळ्या आहेत. बोर्डावरच छापलेलं असतं, भिंग घेऊन बघा हवं तर.

मग टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि सोबतची साधनं. डेबियन किंवा उबंटूवर रिस्क-फाइव्ह ६४ चा क्रॉस कंपायलर (आपल्या लॅपटॉपवर बसून दुसऱ्या प्रोसेसरचा कोड बनवणारा) पॅकेजमध्येच मिळतो, सोबत फ्लेक्स, बायसन, बीसी, एनकर्सेस आणि ओपनएसएसएलच्या डेव्ह फाइल टाका. मेक चालवताना आर्चमध्ये रिस्क-फाइव्ह आणि क्रॉस कंपाइलमध्ये त्या कंपायलरचा प्रिफिक्स, दोन्ही द्यायचे आणि प्रत्येक वेळी द्यायचे, नुसतं बिल्डच्या वेळी नाही तर मेन्यूकॉन्फिगला पण, ओल्डडेफकॉन्फिगला (जुनी कॉन्फिग नवीन कर्नलला लावणाऱ्या कमांडला) पण. एकदा जरी आर्च द्यायचं राहिलं तर मेक तुमच्या लॅपटॉपचं एक्स८६ समजतो, तुमची कॉन्फिग फाइल त्याच्या नजरेने वाचतो आणि रिस्क-फाइव्हचे जेवढे पर्याय त्याला माहीत नाहीत तेवढे गुपचूप टाकून देतो. कसला एरर नाही काही नाही. मी ही दोन्ही व्हेरिएबल टर्मिनलमध्ये आधी एक्स्पोर्ट करून ठेवते आणि बिल्डची डिरेक्टरी वेगळी ठेवते, मेकला ओ हा पर्याय देऊन, म्हणजे एकाच सोर्समधून आर्मचा आणि रिस्क-फाइव्हचा असे दोन्ही बिल्ड एकमेकांत न मिसळता राहतात.

सुरुवात नेहमी मेक डेफकॉन्फिगने करा. काही जण डिस्ट्रोची कॉन्फिग उचलतात, ती चालते पण त्यात जगातले सगळे ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नल उठल्यावर लोड होणाऱ्या वेगळ्या फाइल) म्हणून असतात आणि बिल्डला रात्र जाते. काही जण टायनीकॉन्फिगने सुरू करतात, शून्यातून सगळं आपण लावायचं म्हणून, शिकायला मजा येते पण पहिल्या बोर्डासाठी तो मार्ग घेऊ नका, कारण काही आलं नाही की कशामुळे आलं नाही ते शोधायला हातात काहीच नसतं. रिस्क-फाइव्हची डेफकॉन्फिग व्यवस्थित ठेवलेली आहे, त्यात क्यूएमूचं (लॅपटॉपवरच दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचं) व्हर्च मशीन पण चालतं. आणि बोर्डाच्या आधी क्यूएमूवर चालवाच! तिथे बूट झाला म्हणजे कंपायलर बरोबर, आर्किटेक्चरचे पर्याय बरोबर, रूट फाइलसिस्टिम बरोबर. यानंतर खऱ्या बोर्डावर अडकला तर दोष बोर्डाच्या भागात आहे हे आपोआप ठरतं. ही एवढी एक पायरी केली की अर्धा गोंधळ संपतो.

आर्किटेक्चरच्या मेनूबद्दल थोडंच लिहिते कारण थोडंच लागतं. तिथे एक्स्टेन्शनचे पर्याय दिसतात आणि लोक घाबरतात की आपल्या चिपमध्ये व्हेक्टर (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम करायची सोय) नाही मग व्हेक्टर चालू ठेवला तर क्रॅश होईल का. नाही होणार. इथे दोन जातीचे पर्याय आहेत, हे मदतीच्या मजकुरात नीट लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही एवढंच. एका जातीचा पर्याय सांगतो की कर्नलचा स्वतःचाच कोड या इन्स्ट्रक्शन वापरून बनव, जसं कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शनचा सी पर्याय. तो लावला आणि चिपमध्ये ती सोय नसेल तर पहिल्या काही इन्स्ट्रक्शनमध्येच खेळ खल्लास. दुसऱ्या जातीचा पर्याय सांगतो की कोड तयार ठेव, बूट होताना डिव्हाइस ट्रीत बघ, चिपमध्ये असेल तरच वापर. झेडबीबी (बिट हाताळायच्या इन्स्ट्रक्शन) आणि व्हेक्टर या दुसऱ्या जातीतले, झेडबीबीसाठी तर कर्नल बूट होताना स्वतःच्या मेमरीतल्या इन्स्ट्रक्शन बदलून टाकतो, मला ही गोष्ट आजही भारी वाटते. यू७४ मध्ये व्हेक्टर नाही पण झेडबीए आणि झेडबीबी आहेत, त्यामुळे दोन्ही पर्याय चालू ठेवून एकच इमेज बिनधास्त चालते.

एफपीयू (फ्लोटिंग पॉइंटचं युनिट) मात्र बंद करू नका. कर्नल स्वतः फ्लोटिंग पॉइंट फारसं वापरत नाही म्हणून तो पर्याय अनेकांना फालतू वाटतो, पण डेबियनचं रिस्क-फाइव्ह ६४ पोर्ट आरव्ही६४जीसी (६४ बिट, त्यात फ्लोटिंग पॉइंट आणि कॉम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शन धरलेल्या) धरून बनवलंय, त्याच्या सगळ्या लायब्ररी फ्लोटिंग पॉइंटचे रजिस्टर वापरतात, आणि कर्नलने ते चालूच केले नाहीत तर इनिट (कर्नलनंतर चालणारा पहिला प्रोग्राम) उठतानाच इल्लिगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरतं.

पेजच्या साइजचं इथे काही विचारत नाहीत, रिस्क-फाइव्हवर ४ केबीच. आर्म ६४ वर विचारतात, ४, १६ की ६४, आणि तो निर्णय बिल्डच्या वेळीच घ्यावा लागतो, नंतर बदलता येत नाही. रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबी पेजचा आहे आणि ४ केबी धरून लिहिलेली काही सॉफ्टवेअर त्यावर अडकली होती. रिस्क-फाइव्हवर पत्त्याची रुंदी, म्हणजे एसव्ही३९, ४८ की ५७, ही पण कर्नल बूट होताना चिपला विचारून ठरवतो. यू७४ एसव्ही३९ वाला आहे, म्हणजे ५१२ जीबीचा पत्त्याचा पसारा, आपल्या ८ जीबीच्या बोर्डाला रग्गड झाला.

सीपीयूच्या संख्येवरून एक गंमत सांगते. जेएच७११० च्या डिव्हाइस ट्रीत पाच कोअर लिहिलेत, पण शून्य नंबरचा कोअर बंद म्हणून मार्क केलेला आहे. तो सायफाइव्हचा एस७, देखरेखीचा छोटा कोअर, त्यात फ्लोटिंग पॉइंट नाही, त्यामुळे लिनक्सला तो देतच नाहीत. म्हणून सीपीयूइन्फोमध्ये हार्टचे (म्हणजे कोअरचे) नंबर १ ते ४ असे दिसतात. हे पाहून कोणाला वाटतं एक कोअर खराब निघाला, मग सीपीयूची कमाल संख्या कॉन्फिगमध्ये बदलत बसतात. ती डिफॉल्टच ठेवा, थोडी मेमरी जास्त जाते, बाकी काही नाही.

आता बोर्ड. खरा वेळ इथे द्या.

आधी प्लॅटफॉर्मच्या मेनूत स्टारफाइव्हचा पर्याय चालू आहे ना बघा, तो बंद असला तर पुढचे निम्मे ड्रायव्हर मेनूत दिसतच नाहीत. कॉन्फिगमध्ये एखादा पर्याय सापडत नसला की तो कर्नलमध्ये नाही असं समजू नका, मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधा, तिथे तो कशावर अवलंबून आहे ते दाखवतं आणि कुठली अट पूर्ण झालेली नाही ते पण कळतं. हे एक बटण मी प्रत्येक नवीन मुलाला पहिल्याच दिवशी दाखवते.

मग क्लॉक. या चिपला सिस्टिमचं क्लॉक, सतत चालू राहणाऱ्या भागाचं क्लॉक, एसटीजी भागाचं क्लॉक असे वेगवेगळे ड्रायव्हर आहेत, रीसेटचे वेगळे, पिनकंट्रोलचे (कुठली पिन कशाला जोडायची ते ठरवणारे) वेगळे. हे सगळे इमेजमध्ये पक्के म्हणजे वाय करून ठेवा, एम म्हणजे मॉड्यूल नको. मग पॉवरची चिप, बोर्डावर एएक्सपी१५०६० नावाची पीएमआयसी आहे, तिच्याशी आयटूसीवरून (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरून) बोलायचं, म्हणजे आयटूसीचा कंट्रोलर पण पक्का हवा, एमएफडीचा (एकाच चिपमध्ये अनेक कामं असतात त्यांच्या मेनूतला) एएक्सपी२०एक्स ड्रायव्हर पण हवा आणि रेग्युलेटरचा (व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचा) पण. मग एसडी कार्डचा कंट्रोलर, तो सिनॉप्सिसच्या डिझाइनवर स्टारफाइव्हचा छोटा थर देऊन बनवलाय, तर दोन्ही थर लागतात. आपल्या सोसायटीत टाकी भरलेली असते, पाइप ठीक असतो, नळ नवीन असतो, पण मधला व्हॉल्व्ह उघडणारा माणूस आला नाही तर वरच्या मजल्यावर थेंब येत नाही, अगदी तसंच इथे होतं. एसडीचा ड्रायव्हर तुम्ही लावलाय, कार्ड चांगलं आहे, पण त्याला करंट देणारा रेग्युलेटरचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून त्याच कार्डावर पडलाय, तर कार्ड उघडणार कसं? कर्नल शांतपणे वाट बघत राहतो. हल्लीच्या कर्नलमध्ये डिव्हाइस ट्रीतूनच कोण कोणावर अवलंबून आहे ते काढतात आणि पुरवठा करणारा आला नाही तर वापरणाऱ्याला सुरूच करत नाहीत. बूट झाला पण एखादं डिव्हाइस दिसत नसेल तर डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये) डिव्हायसेस डिफर्ड नावाची फाइल वाचा, कोण कोणासाठी अडकलंय ते तिथे नावासकट मिळतं. आणि रूटच माउंट झालं नाही तर कर्नल पॅनिक होऊन व्हीएफएस अननोन ब्लॉक शून्य कॉमा शून्य असं म्हणतो, हे दिसलं की फाइलसिस्टिम तपासायच्या आधी एसडी कंट्रोलरची ही सगळी साखळी तपासा. किंवा सरळ इनिटरॅमएफएस (कर्नलसोबतच मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम) वापरा, मग मॉड्यूल चालतात. पण एकदा तरी त्याच्याशिवाय बूट करून बघा, बोर्ड कळतो.

नेटवर्कचं पण असंच. इथरनेटचा मुख्य ड्रायव्हर लावला, लिंक आली, दिवे लागले, आणि पिंग जात नाही. या बोर्डावर फायची (केबलवर प्रत्यक्ष सिग्नल पाठवणारी) चिप मोटरकॉमची वायटी८५३१ आहे, तिचा वेगळा ड्रायव्हर नाही लावला तर कर्नल सर्वसाधारण फायचा ड्रायव्हर वापरतो, त्याला या चिपच्या सिग्नलचा उशीर कसा सेट करायचा ते माहीत नसतं, आणि मग लिंक दिसते पण पॅकेट पोचत नाहीत असं होऊ शकतं.

या सगळ्यात सिरीयल केबल नसेल तर काम सुरूच करू नका. ही केबल लॅमिंग्टन रोडला मिळते, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच मिनिटं, दुकानदाराला यूएसबी टू टीटीएल म्हणून सांगा, आणि ३.३ व्होल्टचीच मागा, ५ व्होल्टची लावून चिप जाळून घेऊ नका. तिथले जुने दुकानदार विचारतात पण, "काय चालवायचंय ताई, अर्डुइनो का पाय?" आणि बरोबर तीच काढून देतात. व्हिजनफाइव्ह २ च्या ४० पिनच्या हेडरवर ६ नंबर ग्राउंड, ८ वर ट्रान्समिट, १० वर रिसीव्ह, ट्रान्समिट आणि रिसीव्ह एकमेकांना उलटे जोडायचे, स्पीड ११५२००. सिरीयलवर आधी एसपीएल (पहिला छोटा लोडर) बोलतो, मग ओपनएसबीआय (फर्मवेअर), मग यू-बूट (कर्नल लोड करणारा बूटलोडर), मग कर्नल. कोणाच्या ओळीनंतर शांतता पसरली त्यावरून कोणाला धरायचं ते ठरतं. ओपनएसबीआय सगळ्यात वरच्या मशीन मोडमध्ये बसलेला असतो आणि कर्नल त्याच्याखाली सुपरवायझर मोडमध्ये चालतो, त्यामुळे यूएआरटीचा ड्रायव्हर उठायच्या आधी पण कर्नल त्याच्याकरवी अक्षरं छापू शकतो. कर्नलच्या कमांड लाइनवर अर्लीकॉनला (बूटच्या सुरुवातीपासून मेसेज छापायच्या सोयीला) एसबीआय द्या आणि कॉन्फिगमध्ये त्याचा अर्लीकॉनचा पर्याय चालू ठेवा, ओपनएसबीआय मात्र फार जुना नको. भाचीच्या केसमध्ये हेच करायला सांगितलं आणि लगेच ओळी दिसायला लागल्या, म्हणजे कर्नल उठत होता, आवाज फक्त आपल्यापर्यंत येत नव्हता.

तिच्या ओळी मध्येच एका ठिकाणी थांबत होत्या, आणि ती जागा बघितल्या बघितल्या मला अंदाज आला. बूटच्या शेवटी कर्नल एक साफसफाई करतो, जी क्लॉक कुठल्याच ड्रायव्हरने मागितलेली नाहीत ती बंद करून टाकतो, वीज वाचवायला. यू-बूटने चालू करून ठेवलेलं एखादं क्लॉक एखाद्या गरजेच्या भागाला जात असेल आणि त्या भागाचा ड्रायव्हर तुम्ही कॉन्फिगमध्ये लावलाच नसेल, तर कर्नलच्या दृष्टीने त्या क्लॉकला वाली नाही. बंद. आणि बोर्ड जागच्या जागी गोठतो, पॅनिक नाही, मेसेज नाही, काही नाही. यावर तपासणीसाठी कमांड लाइनवर सीएलके इग्नोर अनयूज्ड असा पॅरामीटर देता येतो. तो देऊन बूट पुढे गेला तर समजा कुठला तरी ड्रायव्हर राहिलाय. तिचा गेला. पण तो पॅरामीटर कायमचा ठेवून पुढे जायचं नाही हे मी तिला बजावून सांगितलं, राहिलेला ड्रायव्हर शोधायचा, कारण आज क्लॉकवर भागलं तरी उद्या रेग्युलेटरवर तेच होणार. तिने डिव्हाइस ट्री उघडून प्रत्येक नोडची (एकेका हार्डवेअरच्या नोंदीची) कम्पॅटिबल ओळ, म्हणजे ते हार्डवेअर कुठलं ते सांगणारी ओळ, घेतली, ती कर्नलच्या ड्रायव्हर फोल्डरमध्ये ग्रेप करून शोधली, सी फाइल मिळाली की त्याच फोल्डरच्या मेकफाइलमधून कॉन्फिगचं नाव काढलं आणि एकेक टिक करत गेली. पूर्ण संध्याकाळ गेली तिची, पण आता त्या चिपमध्ये काय काय आहे हे तिला तिच्या सरांपेक्षा जास्त माहीत आहे, हे मी खात्रीने सांगते.

डिव्हाइस ट्रीबद्दल अजून एक. बोर्डासोबत मिळालेल्या कर्नलची डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली) फाइल आणि मुख्य कर्नलची डीटीबी फाइल यांच्यात नोडची नावं आणि कम्पॅटिबल ओळी वेगळ्या असू शकतात, कारण मुख्य कर्नलमध्ये कोड जाताना रिव्ह्यूमध्ये बऱ्याच गोष्टी बदलतात. हे जवळपास सगळ्याच चिपच्या बाबतीत होतं. म्हणून ज्या सोर्समधून इमेज बनवली त्याच सोर्समधून मेक डीटीबीज करून फाइल घ्या, आणि यू-बूट खरोखर तीच फाइल देतोय ना ते सिरीयलवर बघा.

आपल्या मुंबईतलंच एक उदाहरण मला यात फार महत्त्वाचं वाटतं. पवईला आयआयटी बॉम्बेत अजित नावाचा प्रोसेसर बनला, २०१९ मध्ये त्याची बातमी आली होती, ३२ बिट, आणि मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर चिप बनवली. त्याचं आर्किटेक्चर रिस्क-फाइव्ह नाही, स्पार्क व्ही८ आहे. कर्नलमध्ये स्पार्कचं फोल्डर कधीपासूनचं आहे, स्पार्क ३२ ची डेफकॉन्फिग पण आहे, तर कोणालाही वाटेल की तेवढ्यावर झालं. पण ते फोल्डर उघडून बघा, त्यातला बराच कोड सन कंपनीच्या जुन्या वर्कस्टेशनसाठी लिहिलेला आहे, आणि युरोपात अंतराळयानांसाठी बनलेल्या लिऑन प्रोसेसरचा कॉन्फिगमध्ये वेगळा पर्याय द्यावा लागलाय, कारण व्ही८ तेच असलं तरी इंटरप्ट कंट्रोलर वेगळा, टायमर वेगळा, मेमरीचा नकाशा वेगळा. कोणत्याही नवीन व्ही८ चिपला हेच करावं लागेल. मद्रास आयआयटीचा शक्ती, सी-डॅकचा वेगा, पवईचा अजित, यांच्या बातम्यांत कोअरचं कौतुक होतं आणि व्हायलाच पाहिजे, पण त्या कोअरच्या भोवतीच्या क्लॉकचा, पिनचा, एसडी कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहून मुख्य कर्नलमध्ये पोचवणाऱ्या पोरांची आपल्याला तेवढीच गरज आहे. हे काम घरी बसून, एका बोर्डावर आणि एका सिरीयल केबलवर शिकता येतं, त्याला फॅब (चिप बनवायचा कारखाना) लागत नाही. म्हणून मी हे इतकं लांबण लावून लिहितेय.

डिस्ट्रोचा प्रश्न नेहमी येतो म्हणून एवढं सांगते, उबंटूने २५.१० पासून रिस्क-फाइव्हसाठी आरव्हीए२३ प्रोफाइल सक्तीचं केलं, त्यात व्हेक्टर आणि हायपरव्हायझर एक्स्टेन्शन दोन्ही लागतात, त्यामुळे व्हिजनफाइव्ह २ सारखे बोर्ड त्यातून बाहेर गेले. यात मुख्य कर्नलने आधार काढलेला नाही, तो अजून आरव्ही६४जीसीवर आरामात चालतो, बदलले ते वरचे प्रोग्राम कुठल्या इन्स्ट्रक्शन धरून कंपाइल केलेत ते. अशा बोर्डावर उबंटू २४.०४ ठेवा किंवा डेबियन १३ घ्या, रिस्क-फाइव्ह ६४ ला डेबियनने १३ पासून अधिकृत केलंय.

बोर्ड चालला की मग बारीक करायला घ्या, आधी नाही. बोर्डावर एलएसमॉडची (लोड झालेल्या मॉड्यूलची) यादी फाइलमध्ये काढून लॅपटॉपवर आणायची आणि मेक लोकलमॉडकॉन्फिगला ती द्यायची, तो न वापरलेली मॉड्यूल काढून टाकतो आणि बिल्डचा वेळ खूप कमी होतो. यादी काढताना जे जे वापरणार ते सगळं लावलेलं असू द्या, कॅमेरा, वायफायचं डोंगल, यूएसबी डिस्क, कारण त्या क्षणी जे लावलेलं नाही ते यादीत येत नाही आणि पुढच्या कर्नलमध्ये पण येणार नाही.

आणि शेवटची कॉन्फिग फाइल पूर्णच्या पूर्ण जपून ठेवू नका, हजारो ओळींची ती फाइल पुढच्या व्हर्जनला कोणालाच वाचता येत नाही. मेक सेव्हडेफकॉन्फिग करा, त्यात डिफॉल्टपेक्षा वेगळं जेवढं आहे तेवढंच राहतं, ती छोटी फाइल गिटमध्ये टाका आणि कमिट मेसेजमध्ये लिहा की कुठला पर्याय कुठल्या नोडसाठी लावला. नवीन कर्नल आला की मेक लिस्टन्यूकॉन्फिग करून नवीन पर्यायांची यादी आधी बघा. ओल्डडेफकॉन्फिग सगळ्यांना डिफॉल्ट उत्तर देऊन मोकळा होतो, घाईच्या कामाला ठीक आहे, पण बोर्ड तुमचा असेल तर ओल्डकॉन्फिग चालवा आणि प्लॅटफॉर्म, क्लॉक, पिनकंट्रोल आणि रेग्युलेटर या चार मेनूंतल्या प्रत्येक नवीन प्रश्नाला मदतीचा मजकूर वाचूनच उत्तर द्या.